देश धर्मशाळा नाही, पण धर्मशाळा तरी कोणाची होती?

‘हा देश म्हणजे धर्मशाळा नव्हे’ हे वाक्य २०२५ साली दोन मोठ्या जागांवरून देशाने ऐकले. मार्च महिन्यात लोकसभेत परकीय नागरिकांविषयीच्या नव्या विधेयकावर बोलताना केंद्रीय गृहमंत्र्यांनी ते उच्चारले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने श्रीलंकेतून आलेल्या एका तमिळ माणसाची याचिका फेटाळताना तेच म्हटले, आणि आपण आधीच १४० कोटी लोकांना सांभाळताना मेटाकुटीला आलो आहोत अशी पुस्तीही जोडली. मग १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी घुसखोरीमुळे लोकसंख्येची रचना बदलते आहे असे सांगून खास मोहीम जाहीर केली. आता हे सगळे आमच्या वस्तीतल्या ग्रुपवर फिरते आहे. पाठवणाऱ्याच्या फोटोत निळा झेंडा आहे, नावापुढे ‘जय भीम’ आहे आणि खाली मजकूर आहे: देश भरला, आता घुसखोरांना हाकला.

हा लेख त्या पाठवणाऱ्या मुलासाठी आहे. सरकारला समजावण्याची आमची ऐपत नाही.

आधी धर्मशाळेचेच पाहू. धर्मशाळा हा शब्द किती सहज वापरला जातो, जणू तिचे दार या देशात सगळ्यांसाठी उघडेच होते. पंढरपूरला पायी जाणाऱ्या आमच्या पणजोबांना कोणत्या धर्मशाळेत पथारी टाकू दिली जात होती? दिली जात नव्हती, म्हणून तर गाडगेबाबांना चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली. ती इमारत पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबासाहेब परदेशातून शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. ओळख पटली त्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे खोलीपुढे उभी राहिली. महाराजांच्या दरबारी नोकर, हातात परदेशी विद्यापीठाची पदवी, आणि सामानासह बागेत बसायची वेळ. हा प्रसंग त्यांनी ज्या टिपणात लिहून ठेवला त्याचे शीर्षक आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. याच मातीत जन्मलेला माणूस स्वतःच्या आयुष्याच्या आठवणींना व्हिशाची वाट पाहणे म्हणतो, हे पाठवणाऱ्या मुलाने एकदा नीट मनात घोळवावे. फोटो लावणे सोपे आहे.

म्हणून ‘देश धर्मशाळा नाही’ असे कोणी म्हटले की आम्हाला पहिला प्रश्न पडतो तो किती माणसे आत आहेत हा नाही. दाराशी काठी घेऊन कोण उभे आहे आणि आत येणाऱ्याला तो काय विचारतो, हा आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण समोरचा म्हणतो की भावना बाजूला ठेवा, आकडे बोला. बोलू. २००४ च्या जुलैमध्ये तेव्हाच्या गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत सांगितले की देशात १ कोटी २० लाख ५३ हजार ९५० बेकायदा बांगलादेशी आहेत. शेवटच्या पन्नासापर्यंत मोजून! थोड्याच दिवसांत त्यांनीच खुलासा केला की ही संख्या भरवशाच्या पाहणीवर आधारलेली नाही. ते सरकार काँग्रेसचे होते, हेही लक्षात ठेवा. २०१६ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत २ कोटी सांगितले. बारा वर्षांत ऐंशी लाख वाढले, आणि मधल्या काळातल्या २०११ च्या जनगणनेत शेवटचे वास्तव्य बांगलादेशात होते असे सांगणारे लोक निघाले सुमारे २३ लाख. १२१ कोटींत २३ लाख, म्हणजे हजारी दोनसुद्धा नाही. जनगणनेत लोक लपवतात, हा आक्षेप खरा आहे. पकडले जाण्याची भीती असलेला माणूस प्रगणकाला खरे सांगणार नाही. पण लपवालपवी धरूनसुद्धा २३ लाख आणि २ कोटी यांच्यामधली दरी भरायला काहीतरी पुरावा लागेल की नाही? तो कोणी दिलेला नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ मध्ये होणार आहे. चौदा-पंधरा वर्षे ज्या देशाने आपली माणसे मोजली नाहीत, तो देश लोकसंख्येची रचना बदलल्याचे छातीठोकपणे सांगतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असा शोधनिबंध दिला असता तर सरांनी तो वहीतून फाडून हातात दिला असता.

आणि दाटीचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशात दर चौरस किलोमीटरला ३८२ माणसे होती. महाराष्ट्रात ३६५, आसामात ३९८, केरळात ८६०, बिहारात अकराशेच्या वर, अरुणाचलात फक्त १७. दाटीमुळेच परक्याविरुद्ध राग पेटत असता तर तो सर्वांत आधी बिहारात आणि केरळात पेटायला हवा होता. या प्रश्नावर सर्वांत जास्त आरडाओरडा जिथे होतो ते आसाम देशाच्या सरासरीच्या जवळपास आहे. बांगलादेशची दाटी आपल्या जवळपास तिप्पट. त्या देशाने २०१७ मध्ये काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या आत घेतले. आज कॉक्स बाजारच्या छावण्यांत दहा लाखांच्या आसपास आहेत. त्या सरकारला फार उदार म्हणण्याचे कारण नाही, छावण्यांना काटेरी तारा आहेत. पण आपल्या सरकारने त्याच वर्षी भारतातल्या रोहिंग्यांचा जो अंदाज सांगितला तो होता सुमारे ४० हजार. १४० कोटींत ४० हजार म्हणजे ३५ हजार माणसांमागे एक. आमच्या तालुक्याच्या गावात एक कुटुंब आले तर या प्रमाणाच्या कितीतरी वर जाईल.

लोकसंख्येचा स्फोट हा शब्दही आता शिळा झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशाचा प्रजनन दर २.० वर आला आहे, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे देश भरत चालला म्हणणारे ज्या देशाविषयी बोलत आहेत तो तीस वर्षांपूर्वीचा. जागा कमी आहे हे खरेच आहे, पण ती कोणाला कमी आहे? २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत ग्रामीण भागातल्या ५६ टक्के कुटुंबांच्या नावावर जमीनच नव्हती. ती जमीन बांगलादेशी घेऊन गेला का? आमच्या बापाच्या वाट्याला गायरान आले नाही ते कोणा परदेशी मजुरामुळे?

एक बाजू मात्र आम्ही नाकारत नाही, आणि ती आमच्यातल्या काही मित्रांना आवडणार नाही. छोट्या समाजांना संख्येची भीती वाटते ती खोटी नसते. त्रिपुरात एकेकाळी निम्म्याच्या आसपास असलेले आदिवासी २०११ मध्ये बत्तीस टक्क्यांच्या आत आले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोंढ्यांमुळे ते आपल्याच राज्यात अल्पसंख्य झाले. त्यांना ‘तुम्ही संकुचित आहात’ असे मुंबई-पुण्यात बसून सांगणे हा उद्धटपणा आहे. पण त्यांनी संरक्षण कशात शोधले? सहाव्या अनुसूचीत, स्वायत्त जिल्हा परिषदेत, जमीन बाहेरच्याच्या नावावर जाऊ नये याच्या कायद्यात. म्हणजे जमिनीला कुंपण, माणसाची शिकार नव्हे. आमच्या गडचिरोलीतल्या माडिया-गोंडांची जंगले खाणींना देताना ज्यांना आदिवासी आठवत नाहीत, त्यांनी त्रिपुराचा दाखला देऊ नये.

मजुरीचेही तसेच. बाहेरून आलेला माणूस कमी रोजात राबतो आणि आमच्या नाक्यावरच्या माणसाचे काम जाते, ही तक्रार आम्ही प्रत्यक्ष ऐकली आहे, बांधकामावर जाणाऱ्या बायांकडून ऐकली आहे. ती खरी आहे. पण तो कमी रोजात का राबतो? कारण त्याला पोलिसाची भीती आहे आणि ठेकेदाराला ती भीती ठाऊक आहे. छापा पडतो तेव्हा मजूर गाडीत भरला जातो, ठेकेदाराला कोणी हात लावत नाही. आठ दिवसांत तो दुसरी टोळी आणतो. मजुरी पडते ती माणूस बाहेरचा आहे म्हणून नव्हे, तर तो बोलू शकत नाही म्हणून. किमान वेतन न देणाऱ्या ठेकेदाराला तुरुंगात टाकण्याची एखादी राष्ट्रीय मोहीम लाल किल्ल्यावरून जाहीर झालेली आम्ही ऐकली नाही.

माणूस नको पण त्याचे हात हवेत, ही गोष्ट जुनी आहे. फाळणीच्या वेळी पाकिस्तानातले दलित भारतात यायला निघाले तेव्हा तिथल्या सरकारने त्यांना अडवून धरले, कारण ते गेले तर शहरांची घाण कोण काढणार? त्यांची सेवा ‘अत्यावश्यक’ ठरवण्यात आली. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून या लोकांना सोडवून आणण्याची मागणी केली. तेव्हा देश भरला आहे, रेशन अपुरे आहे, निर्वासितांच्या छावण्या ओसंडून वाहत आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते का? ते स्वतः मंत्रिमंडळात होते. दलितांना तिथे सोडून द्या, इथे जागा नाही, असा हिशेब त्यांनी मांडला नाही.

इथे कोणी लगेच म्हणेल की ते आपलेच लोक होते. बरोबर. मग ‘आपले’ कोण, यावरच संविधान सभेत भांडण झाले ते वाचा. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा झाली. या कलमाने मसुदा समितीला जेवढी डोकेदुखी दिली तेवढी क्वचितच दुसऱ्या कलमाने दिली असेल, असे बाबासाहेबांनी सभागृहात सांगितले. अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी दुरुस्ती मांडली की जगात कुठेही असलेल्या आणि दुसऱ्या कोणत्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख माणसाला भारताचे नागरिकत्व मिळावे. भाऊसाहेबांनी विदर्भातल्या बहुजनांच्या पोरांना शाळा दिल्या, त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. पण या प्रश्नावर ते चुकले होते असे आम्ही स्पष्ट म्हणतो. सभेने त्यांची दुरुस्ती स्वीकारली नाही. जन्म, निवास, आईबाप, स्थलांतराची तारीख, परवाना हे सगळे निकष कलमांत आले. माणसाचा धर्म निकष म्हणून आला नाही. ७० वर्षांनी, २०१९ मध्ये, तो मागच्या दाराने आला.

त्या कायद्यात ‘बौद्ध’ हा शब्द आहे, म्हणून आमच्यातले काही लोक गप्प बसले. आम्ही बौद्ध आहोत, म्हणून यावर बोलणे आमच्यावरच येते. चकमा बौद्ध आहेत. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताईचे धरण झाले, चितगावच्या डोंगराळ भागातली उत्तम शेतजमीन बुडाली, सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले. त्यांतले हजारो १९६४ मध्ये भारतात आले आणि सरकारने त्यांना आजच्या अरुणाचलात वसवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करा आणि नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय घ्या असा आदेश दिला, २०१५ मध्ये पुन्हा दिला. तिसरी पिढी म्हातारी व्हायला आली तरी बहुतेकांची वाट संपलेली नाही. कायद्यात ‘बौद्ध’ लिहिल्याने हे झाले, की बौद्ध असूनही झाले? धर्माच्या नावाने दिलेली सवलत गरिबाच्या दारापर्यंत पोहोचत नाही, हे आरक्षणासाठी १९५६ पासून १९९० पर्यंत वाट पाहिलेल्या आमच्या समाजाला तरी वेगळे सांगायला नको.

म्यानमारकडेही डोळे उघडून बघू. तिथे राज्य बौद्धांचे आहे. त्या राज्याने १९८२ मध्ये नागरिकत्वाचा कायदा केला आणि रोहिंग्यांना कागदावरून पुसले. २०१७ मध्ये गावे जळाली. मध्ये पस्तीस वर्षे गेली, पण क्रम हाच होता: आधी कागद, मग आग. काही भिक्खूंनी त्या द्वेषाला आशीर्वाद दिला. चीवर घातलेल्या माणसाने केले म्हणून आम्ही ते झाकणार नाही.

आता बंगालकडे. आमच्या सभांत अजूनही सांगितले जाते की बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले. तसा थेट मतदारसंघ नव्हता. प्रांतांच्या विधिमंडळांतले सदस्य संविधान सभेवर माणसे पाठवत होते, आणि बंगालच्या विधिमंडळातून जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये बाबासाहेबांना पाठवले. महाराष्ट्राने दार बंद केले तेव्हा हे दार उघडणारे लोक कोण होते? पूर्व बंगालचे नमशूद्र आणि त्यांच्यासारखे दलित. फाळणीत त्यांचा मुलूख पाकिस्तानात गेला. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांच्यामागून त्यांचे लोक येत राहिले, १९५० ला, १९६४ ला, १९७१ ला. वरच्या जातींचे बंगाली निर्वासित आधी आले, त्यांना कोलकात्याच्या आसपास वसाहती मिळाल्या. नमशूद्र नंतर आले तेव्हा त्यांना सांगितले गेले की बंगाल भरला. त्यांची रवानगी दंडकारण्यात झाली. १९७८ मध्ये त्यांतले हजारो सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर परत आले आणि स्वतःच्या हाताने गाव उभारू लागले. जानेवारी १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, धान्य-पाणी तोडले, ३१ जानेवारीला गोळीबार झाला, मे महिन्यात वस्ती जाळून उरलेल्यांना हाकलले. मेले किती, याचा खरा हिशेब सरकारने आजवर दिलेला नाही.

संविधान सभेत बाबासाहेबांना पाठवणाऱ्या लोकांची ही गत झाली, आणि त्या वेळीही वाक्य हेच होते: जागा नाही.

हे लांब बंगालात घडले असे समजू नका. गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली गावे आहेत, सरकारनेच आणून वसवलेली. आम्ही तिथे कामानिमित्त गेलो आहोत. घरासमोर तुळस, आत मतुआंच्या हरिचंद-गुरुचंद ठाकुरांच्या तसबिरी, भात आणि मासळी, आणि बोलायला आमच्याहून चांगली झाडीबोली. त्यांतले बहुतेक नमशूद्र. पश्चिम बंगालात ती अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणून पन्नास-साठ वर्षे इथे राहून, मतदान करूनही त्यांच्या मुलांना जातीचा दाखला मिळत नाही. आणि २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने कागद नसलेल्या प्रत्येकाला ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरवले आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपैकी एक जरी असा असला तरी मुलाचे जन्मसिद्ध नागरिकत्व काढून घेतले. २०१९ च्या कायद्याने तुम्हाला सोडवले असे आता त्यांना सांगितले जाते. पण अर्ज करायचा तर आधी लिहून द्यावे लागते की मी बांगलादेशातून आलो. साठ वर्षे इथला असलेल्या माणसाने परकेपणाची कबुली द्यायची, मग दया मागायची.

आसामात काय झाले ते तर सगळ्यांसमोर आहे. ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले, ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ बाहेर राहिले. २४ मार्च १९७१ पूर्वीचा कागद आणा आणि त्या कागदावरच्या माणसाशी तुमचे नाते दाखवा, ही अट होती. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, शाळेत न गेलेली बाई वडिलांशी नाते कशाने दाखवणार? नावाच्या एका वेलांटीवर माणसे परकी झाली. आणि आपला कायदा १९४६ पासून सांगतो की तू परका नाहीस हे तूच सिद्ध कर. २०२५ च्या नव्या कायद्यातही ते तसेच ठेवले आहे. खुनाच्या आरोपीला जे संरक्षण आहे ते भंगार वेचणाऱ्याला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात मुंबई आणि दिल्लीतून बंगाली बोलणारे मजूर उचलले गेले आणि सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यांत मुर्शिदाबादचे, बीरभूमचे भारतीय नागरिक निघाले, एक बाई तर गरोदर होती. काहींना परत आणावे लागले. त्यांचा गुन्हा एवढाच की ते गरीब होते आणि बंगाली बोलत होते.

पाठवणारा मुलगा म्हणेल, हे त्यांचे झाले, आपला काय संबंध? आपण तर इथलेच.

इथले असणे म्हणजे काय ते आमच्याकडे रोज येणाऱ्या फायली सांगतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला हवा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. गावोगाव फिरणाऱ्या, गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडलेल्या माणसांनी वास्तव्याचा पुरावा द्यायचा! १९९० मध्ये आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एका राज्यातला दलित दुसऱ्या राज्यात गेला की त्याचा दर्जा सोबत जात नाही. दोन्ही प्रकरणे महाराष्ट्रातली होती. अपमान सोबत जातो, सवलत जात नाही. मुंबईच्या झोपडीला आधी १ जानेवारी १९९५ ची तारीख होती, मग २००० ची झाली, मग २०११ ची. त्या तारखेनंतरचा माणूस ‘अपात्र’. धारावीत आज पात्र आणि अपात्र हे दोनच धर्म आहेत, आणि अपात्रांना शहराच्या कडेला, मिठागरांवर आणि कचऱ्याच्या डोंगरांजवळ घरे दाखवली जात आहेत. तारीख ही या देशातली सर्वांत सभ्य काठी आहे. ती हातात घेतलेल्याला जातीयवादी म्हणता येत नाही.

जन्माच्या दाखल्यांचेच घ्या. २०२५ मध्ये बांगलादेशींना खोटे दाखले मिळाल्याच्या आरोपांवरून राज्यात उशिरा नोंदवलेल्या जन्मांच्या दाखल्यांची तपासणी सुरू झाली, नियम कडक झाले. खोटे दाखले देणाऱ्यांना जरूर पकडा. पण उशिरा जन्मनोंद करणारा महाराष्ट्रात कोण असतो? ज्याची आई दवाखान्यात नाही, ऊसतोडीच्या कोप्यावर बाळंत झाली तो. वीटभट्टीवर जन्मलेला. पारधी, वडार, मांग, महार. बांगलादेशीसाठी लावलेल्या जाळ्यात सगळ्यांत आधी हे मासे अडकतात.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. १०४ भारतीय, हातापायांत बेड्या. गुजरात, हरियाणा, पंजाबचे बहुतेक, तीन महाराष्ट्राचेही. आपल्या वाहिन्यांनी त्यांना घुसखोर म्हटले नाही. ते ‘स्वप्न घेऊन गेलेले तरुण’ होते, एजंटाने फसवलेले होते, बेड्या पाहून देशाचा अपमान झाला होता. झाला होताच, आम्हालाही राग आला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला ऑस्ट्रेलियाच्या शहरांत मोर्चे निघाले, तिथेही हेच म्हणत होते की देश भरला, आणि पत्रकांत बोट भारतीयांकडे होते. पुण्यातले ज्यांचे मुलगे मेलबर्नला आहेत ते काका त्या दिवशी वंशवादावर बोलत होते. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कचरेवाल्याचा आधार तपासा म्हणून सांगत होते.

सीमा असू नये असे आम्ही म्हणत नाही. राज्य आहे तिथे सीमा आहे, आत कोण येतो हे ठरवण्याचा अधिकारही राज्याला आहे. बाबासाहेबांनी तो कधी नाकारला नाही. पण एखाद्याला परके म्हणायचे तर ते सरकारने सिद्ध करावे, न्यायालयापुढे करावे, एकेका माणसाविषयी करावे. धर्म विचारू नये. भाषेवरून उचलू नये. आधी जनगणना करावी आणि तिचे आकडे लोकांपुढे ठेवावेत, मग किती माणसे पेलवतात यावर वाद घालू. एवढी साधी मागणीही आज देशद्रोही ठरते.

तो संदेश पाठवणारा मुलगा वीस वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, भीमजयंतीला सगळ्यांत आधी मंडप बांधायला येतो. त्याच्या जात पडताळणीची फाईल आमच्याकडे आहे. आजोबांच्या जन्माचा पुरावा म्हणून कोतवाल बुकाची नक्कल काढली, तर १९४१ सालच्या नोंदीत आहे: गण्या वल्द सोम्या महार यास मुलगा झाला. मुलाचे नाव नाही. महाराच्या पोराचे नाव लिहिण्याची तसदी कोतवालाने का घ्यावी? शाळेच्या टी.सी.वर आजोबांच्या वडिलांचे नाव गणपत सोमाजी आहे, आणि पुढच्या पिढीच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’. समितीचे म्हणणे असे की गण्या आणि गणपत ही एकच व्यक्ती कशावरून, आणि झालेला मुलगा म्हणजे तुमचे आजोबाच कशावरून. वंशावळीचे शपथपत्र दिले. गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब दिले. आता मूळ नोंदवहीच तपासायची म्हणतात, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या वर्षाच्या वहीची कडा वाळवीने खाल्ली आहे.

मागच्या पेशीला मुलाची आजी सोबत आली होती. जिन्यावर दम खात बसली. आम्हाला म्हणाली, “बाबू, ते पान नाई भेटलं त आमी कोठचे म्हनाचे?”

मुलगा बाजूला मोबाईल बघत उभा होता. पुढची पेशी २२ तारखेला आहे. त्याला आम्ही सकाळी दहाला बोलावले आहे.